मिस्त्रीच्या घरातल्या पाच वॉबली वस्तू

जालन्याच्या मस्तगडात कुणाकडे नवीन टेबल आलं, की दोन माणसांना बोलावलं जाई. एक पेढा खाणारा शेजारी आणि दुसरे संपत मिस्त्री. मिस्त्री पेढ्याकडे बघत नसत. ते सरळ टेबलाशी जात, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोन तळवे ठेवत, डोळे मिटत आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे दाबत. मग उरलेले दोन कोपरे. टेबलानं जरा कुरकुर केली, की हात पायजम्याच्या खिशात. इतरांच्या खिशात जिथं तंबाखूची पुडी असते, तिथं मिस्त्रींच्या पाचरी असत. नखाएवढ्या, बोटाएवढ्या, फावल्या वेळात सागवानाच्या तुकड्यांतून तासलेल्या. एक पाचर पायाखाली गेली, की टेबल असं उभं राही जणू जमिनीतूनच उगवलंय. मग मिस्त्री पेढा घेत.

अडुसष्ट वर्षांच्या या माणसाला हलणारी वस्तू सोडून पुढं जाताच येत नसे. हरिओमच्या हॉटेलात ते शिरले, की गल्ल्यावरून आरोळी येई, "टेबलं धरा रे, मिस्त्री आले!" भाचीच्या लग्नात सगळे वधूवरांवर फुलं टाकत होते, तेव्हा मिस्त्री स्टेजच्या खाली होते. त्या अल्बममध्ये मामाचा फोटो एकच. त्यात मखमली झालरीखालून बाहेर आलेले दोन तळपाय.

पण त्या तळपायांना हसणाऱ्यांनी जुने दिवस पाहिलेले नव्हते. भीमजयंतीला गल्लीगल्लीत नाटकं व्हायची, तेव्हाचा रंगमंच म्हणजे एकमेकांना जोडलेले आठ लाकडी तख्तपोस आणि वर सतरंजी. राजाचं काम करणारा नट तोंडाला रंग लावलेला तसाच मिस्त्रींकडे येई आणि हळूच विचारी, "मिस्त्री, तिसऱ्या प्रवेशात पाय आपटायचा हाय. चालंल ना?"

"तू आपट, तुझा हत्ती आनून आपट," मिस्त्री म्हणत.

आणि राजा जो पाय आपटी, त्याचा आवाज पार शेवटच्या रांगेतल्या म्हातारीच्या छातीत वाजे. खालचं लाकूड भक्कम असल्याशिवाय राजाला राजेपण येत नाही, हे तेव्हाच्या नटांना बरोबर ठाऊक होतं.

तर अशा माणसाच्या घरात एका शुक्रवारी संध्याकाळी इंग्रजी शब्द आला.

आणला नातीनं. प्रीती इंग्रजी शाळेत दुसरीला. दप्तर फेकून ती मधल्या खोलीत उभी राहिली, हात लांब केले आणि अंग डावीउजवीकडे असं डुलवलं की तिची आजी, मालनबाई, भाकरी सोडून धावली.

"काय झालं गं? चक्कर आली का?"

"न्हाई गं आजी! वॉबली! मिसनं शिकवलं. जे हलतं, पडल्यावानी करतं, ते वॉबली."

मिस्त्री खुर्चीत बसून रंध्याचं पातं पुसत होते. त्यांनी मान वर केली. "हलतं म्हंजे कसं हलतं?"

"हलतं म्हंजे हलतं, आबा."

"तसं न्हाई बाळा. स्टूल डुगडुगतं. दार लटकतं. खाट करकरते. हातोडीचा दांडा खुळखुळतो. जिना हादरतो. भिंत डळमळते. यातलं कोनतं?"

प्रीतीनं विचार केला. "सगळं."

"सगळ्याला एकच?" मिस्त्रींना इंग्रजांची दया आली. "एवढं राज्य केलं लोकांनी, आन् शब्द एकच? दार लटकलं का स्टूल डुगडुगलं हे मिस्त्रीला कळावं कसं? बिजागरी न्यावी का पाचर?"

"त्यायचे मिस्त्री घर बघून येत असतील," मालनबाई चुलीकडे परत जाता जाता म्हणाल्या. "तुमच्यावानी नुसत्या आवाजावरून वळखत नसतील."

शब्दापर्यंत ठीक होतं. पण शब्दाबरोबर गृहपाठही आला होता. घरातल्या पाच वॉबली वस्तू शोधायच्या, नावं लिहायची, चित्रं काढायची आणि सोमवारी वही द्यायची.

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "कोनाच्या घरातल्या?"

"आपल्या."

"मिस्त्रीच्या घरात? पाच?" त्यांचा आवाज असा चढला की शेजारच्या कुत्र्यानं कान टवकारले. "तुझ्या मिसला सांग, या घरात एक न्हाई. बिलकुल न्हाई."

शनिवारी सकाळी पोरगी शोधाला निघाली. पहिल्या पाच मिनिटांत तिला स्वयंपाकघरातलं स्टूल सापडलं. तिनं त्यावर बसून दोनदा अंग हलवलं. टुक, टुक. आनंदानं ओरडत ती वही आणायला धावली. वहीत इंग्रजीत 'स्टूल' लिहून, तीन पाय काढून चौथ्या पायाशी येईपर्यंत मिस्त्री खाली वाकून उठलेही होते.

"आता बस त्याच्यावर," ते म्हणाले.

प्रीती बसली. स्टूल गप्प.

"आबा! काहून केलं?"

"हलत होतं बाळा."

"मला हलनारंच पाहिजे होतं!"

तिनं स्टूल खोडलं. शाळेत खोटं लिहायचं नाही हे तिला आईनं शिकवलेलं होतं. मग तिला कूलरचा स्टँड सापडला. पंधरा मिनिटांत त्याच्या पायाखाली पाचर. कुकरचं हँडल सापडलं. मिस्त्रींनी पेचकस काढला. गच्चीवरच्या दोरीचा बांबू सापडला, तेव्हा ती शहाणी झाली होती. तिनं कुणाला सांगितलं नाही, वरच बसून चित्र काढलं. पण मिस्त्रींनी खालून ठक्कन हातोडी मारल्याचा आवाज तिनं पेन्सिल खाली ठेवायच्या आतच ऐकला. म्हाताऱ्याला वास येत असावा.

दुपारी वहीत चार वस्तू होत्या आणि चारही खोडलेल्या. प्रीती भिंतीकडे तोंड करून बसली.

"अहो, पोरीला नापास करून राह्यले का तुमी?" मालनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "एक वस्तू हलती ऱ्हावू द्या की घरात! दोन दिवसांनं काय घर पडनार हाय?"

"मालन, मला दिसतं तर मी काय करू?"

"डोळे झाका." मग त्या नातीशेजारी बसल्या. "रडू नको. घरातलं न्हाई सापडलं तर भाईरचं लिही. मिथुनकाकाची मोटरसायकल लिही. तिचा आरसा जालन्यात, तर चाक भोकरदनमंदी."

मिथुन हा मिस्त्रींचा पुतण्या, दहा वर्षं त्यांच्या हाताखाली तयार झालेला. तो नेमका दारातून आत येत होता. "काकू, गाडीला काही बोलायचं न्हाई."

"तुझं लग्न लिहू का मंग? तीन सालांपासून जमून राह्यलंय."

पोरगी हसली. मिस्त्रींनीही संधी साधली. त्या दिवसापासून हा शब्द त्यांच्या तोंडी बसला. मिथुननं कापलेली फळी वॉबली, हरिओमचा चहा वॉबली, शेजाऱ्याचा दारू सोडायचा निश्चय वॉबली. पोरगी हसून हसून दमे आणि प्रत्येक वेळी सांगे, "आबा, चहा वॉबली नसतो." मिस्त्री म्हणत, "हरिओमचा पिऊन बघ."

आता जे घरात कुणाला माहीत नव्हतं, ते सांगायला हवं. निदान मिस्त्रींची अशी समजूत होती की कुणाला माहीत नाही.

दोन महिन्यांपासून सकाळी अंथरुणात कूस बदलली, की मिस्त्रींची खोली फिरत असे. छत डावीकडे जाई, पंखा उजवीकडे, आणि मिस्त्री मधे, तख्तपोसाची पाचर निसटल्यावर नटाचं होतं तसं. अर्धा मिनिट. मग सगळं आपापल्या जागी. मान मागं टाकून वर बघितलं तरी तेच. डॉक्टरकडे जायचं त्यांनी टाळलं होतं, बायकोला सांगायचंही टाळलं होतं, कारण येत्या मंगळवारी त्यांना धावड्याला जायचं होतं.

धावडा हे त्यांचं गाव. सोळाव्या वर्षी तिथून ते जालन्याला काम शिकायला आले. आता तिथल्या पोरांनी विहाराला लागून अभ्यासिका बांधली होती. वर्गणी पोरांची, जागा गावाची, आणि पुस्तकांच्या फळ्या मिस्त्रींच्या. जमिनीपासून छतापर्यंत, बारा फूट. त्यासाठी चार वर्षं ते मोडलेल्या घरांची सागवानी दारं गोळा करत होते. सगळं कापून, घासून, जुळवून तयार होतं. आता फक्त भिंतीवर चढवायचं. आणि त्यांनी गावातल्या सगळ्यांसमोर एकदा बोलून टाकलं होतं की सर्वांत वरची फळी ते स्वतः शिडीवर चढून बसवणार. दुसऱ्या कुणाचा हात त्या फळीला लागणार नाही.

सुमितला, म्हणजे त्यांच्या मुलाला, चक्कर येते हे कळलं असतं तर शिडी सोडाच, धावड्याची बसही गेली असती. सुमित नवीन जालन्यात बियाणं कंपनीच्या ऑफिसात होता आणि बापाच्या बाबतीत त्याचा जीव कोंबडीच्या पिलाएवढा. तेव्हा मिस्त्रींनी ठरवलं होतं, आधी फळी, मग डॉक्टर.

रविवारी सकाळी ते उठले आणि खोली फिरली. त्या दिवशी जरा जास्तच. त्यांनी दाराची चौकट धरली. चौकट त्यांनीच बसवलेली, ती काही हलली नाही. डोळे घट्ट मिटून ते तिला मिठी मारल्यासारखे उभे राहिले. डोळे उघडले तेव्हा समोरच्या गोधडीतून दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते.

"काय गं?"

"काही न्हाई, आबा," प्रीती म्हणाली आणि गोधडीत गेली.

संध्याकाळी संध्यानं, म्हणजे सुनेनं, वही तपासायला घेतली. पानं उलटता उलटता ती थांबली. सासऱ्यांना ती इकडच्या रीतीप्रमाणे मामा म्हणते.

"मामा, हे काय हाय?"

चार खोडलेल्या वस्तूंखाली पाचवी होती, न खोडलेली. कानावर पेन्सिल असलेला माणूस दाराची चौकट धरून उभा. त्याच्या डोक्याभोवती पाण्याच्या लाटा काढतात तशा रेघा. खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, 'माय आबा'.

मिस्त्री खुर्चीतून उठले. असा बाणेदार पवित्रा त्यांच्या रंगमंचावरच्या राजांनीसुद्धा घेतला नसेल. "पोरीचं अक्षर चांगलं आलंय," ते म्हणाले.

"अक्षराचं न्हाई विचारलं मी."

"मी चौकट तपासत होतो. हलते का ते."

"डोळे झाकून?" प्रीतीनं विचारलं.

सुमित मोबाइल ठेवून उभा राहिला. "बाबा, चक्कर येते का तुमाला?"

"कोनाला? मला? अरे, दिवसाला सात तास उभा ऱ्हातो मी..."

"मंगळवारचं धावडा कॅन्सल."

"कॅन्सल कसं? गाव वाट पाहून राह्यलं! शब्द दिलाय मी!"

"शब्द दिलाय, पाय न्हाई दिले. बारा फुटांवरून पडले तर?"

"पडतो कशानं? ह्या मस्तगडात मी बसवलेलं एक काही पडलंय का आजवर?"

सगळे एकदम बोलू लागले. त्यात मालनबाईंचा आवाज नव्हता, म्हणून मिस्त्रींनी आशेनं तिकडं बघितलं. मालनबाई तांदूळ निवडत होत्या.

"मालन, तू सांग यांना."

"काय सांगू? मला दीड महिना झाला कळून."

"दीड महिना?" मिस्त्रींनी विचारलं.

"मोरीत दांडा बसवून घेतला ना तुमच्याकडून? माझे गुडघे दुखतात म्हनून? माझे गुडघे ठणठणीत हायेत." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "मला वाटलं, आपल्या तोंडानं सांगतील तवा सांगतील. आता पोरगी वहीत लिहून मास्तरनीला दाखवनार, मंग सगळ्या मस्तगडाला शिक्षणखात्याकडून कळंल."

संध्याला हसू आवरलं नाही. सुमितलाही नाही. मिस्त्री मात्र खाली बसले. दार लटकतं, स्टूल डुगडुगतं, भिंत डळमळते; साऱ्या गावाच्या हलण्याला त्यांच्याकडे शब्द होते, आणि त्यातला एकही त्यांना स्वतःला लावून घेता येत नव्हता. ते सगळे शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खराब कामाला वापरले होते. त्यांना शिवीचा वास होता. त्यांनी नातीला जवळ घेतलं आणि बराच वेळ तिच्या चित्रातल्या लाटांवरून बोट फिरवलं.

"बराबर लिहिलंस तू," ते म्हणाले. "आबा वॉबली हाय."

हा शब्द कालपरवा आलेला. त्यानं अजून मस्तगडात कुणाची अब्रू घेतलेली नव्हती.

"मंग खोडू नको ना?" प्रीतीनं विचारलं.

"नको खोडू. पाचर मारता आली तर बघू."

सोमवारी सुमितनं रजा टाकली आणि ऑटोनं बापाला नवीन जालन्यात कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कानाच्या का, हे मिस्त्रींना कळेना. त्यांना ऐकायला तर बिलकुल बराबर येत होतं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मिस्त्रींची मान एका बाजूला वळवली आणि त्यांना झपकन मागं आडवं केलं. दवाखाना गरगर फिरला. मिस्त्रींनी बाकाची कड धरली, आणि त्याही अवस्थेत त्यांना कळलं की बाकाचा उजवा पाय आखूड आहे.

"काका, कानाच्या आत बारीक नळ्या असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यात पाणी असतं. शरीर कुठं झुकलंय ते त्या पाण्यावरून डोक्याला कळतं. तुमच्या नळीत बारीक कण सरकलेत, जागा सोडून. म्हणून चुकीचा निरोप जातो."

मिस्त्री उठून बसले. डोळे मोठे झाले. "म्हंजे लेवल-पाइप! आमी पानी भरून पातळी बघतो तो! डोक्यात लेवल-पाइप असतो मान्साच्या?"

"तसंच समजा."

"आन् त्यात कचरा गेला."

"बरोबर."

"हात्तिच्या!" त्यांनी मुलाकडे अशा अभिमानानं बघितलं जणू पाइप त्यांनीच बसवला होता. "बघ, लाकूड चांगलं हाय. नुसती लेवल बिघडल्ती."

डॉक्टरबाईंनी मान अशी, मग तशी, मग कुशीवर, असं करत कण जागेवर आणले. शेवटी खोली थांबली. पण त्यांनी बजावलं: काही आठवडे शिडी नाही, आणि मान मागं टाकून वर बघणं तर मुळीच नाही. आठ दिवसांनी पुन्हा दाखवायचं.

"फक्त मंगळवारी एकदा चढलो तर?"

"नाही."

"चार पायऱ्या?"

"काका, एकही नाही."

निघताना मिस्त्रींनी बाकाखाली पाचर सरकवली. तेवढ्यात सुमितनं हात धरून त्यांना बाहेर काढलं.

त्या दिवशी प्रीती शाळेतून आली ती नाचतच. मिसनं विचारलं होतं, बाकीच्या चार का खोडल्या? ही म्हणाली, आबानं दुरुस्त केल्या. सगळा वर्ग हसला. मिसनं पाचपैकी पाच दिले आणि आबांचा पत्ता मागून घेतला. वर्गातली अकरा बाकं वॉबली होती.

मंगळवारी धावड्याला जायला सुमितनं हो म्हटलं, पण एका अटीवर. वर मिथुन चढणार. बसमध्ये मिस्त्री खिडकीकडे तोंड करून होते. मिथुननं दोनदा विषय काढून बघितला.

अभ्यासिकेत गाव जमलं होतं. बायका विहाराच्या पायऱ्यांवर, पोरं खिडक्यांत. मिस्त्रींचा बालमित्र राजानंद पुढं झाला. जय भीम झाला, गळाभेट झाली. शिडीवर मिथुनला चढताना बघून राजानंद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "का हो मिस्त्री? वरची फळी सोता बसवनार हुते ना? का खालून फुंकर मारून चढवनार?"

खिडकीतली पोरं हसली. मिस्त्रींनी शिडीचे दोन्ही दांडे धरलेले होते. क्षणभर त्यांना वाटलं, मिथुनला खाली ओढावं आणि चढावं. चार पायऱ्यांचं तर काम.

"कानात लेवल बिघडली माझ्या," ते म्हणाले. "डॉक्टरनं शिडी बंद केली. आता मी खाली, पुतण्या वर. तुला दम असंल तर तू चढ."

राजानंदचं हसू ओसरलं. "न्हाई बा. माझे तर पायरीवर पाय लटपटतात," तो हळूच म्हणाला आणि शिडीच्या दुसऱ्या अंगाला येऊन उभा राहिला. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून शिडी धरली.

तासाभरात खालच्या फळ्या चढल्या. मिस्त्री समोर बघून माप सांगत, मिथुन ठोके. मग शेवटची आली. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा उचललेल्या दाराची. मिथुननं ती खांद्यावर घेतली आणि चढू लागला. हाताच्या तळव्यांतून मिस्त्रींना त्याची पावलं कळत होती. तो कुठं थांबला, कुठल्या पायावर भार टाकला, फळी खांद्यावरून कधी सुटली. शिडी धरणारा माणूस आंधळा असतो, पण बहिरा नसतो.

वर फळी आधाराच्या कोनावर बसल्याचा आवाज झाला.

"काका," त्यानं वरून हाक दिली. "लेवल लावली. बघता का एकदा?"

आजवर पुतण्यानं बसवलेली एकही फळी काकांनी बघितल्याशिवाय पक्की झालेली नव्हती. दहा वर्षांत एकदासुद्धा नाही. मिस्त्रींची मान मागं जाऊ लागली. जाता जाता थांबली. खोलीतली सगळी माणसं वर बघत होती. एकटे मिस्त्री समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"बराबर हाय का?" त्यांनी विचारलं.

"बराबर हाय, काका."

"नीट बघितलं का?"

"दोनदा बघितलं."

शिडीवर मिस्त्रींची बोटं जरा घट्ट झाली, मग सैल पडली.

"मंग ठोक," ते म्हणाले.